घरातलं बियाणंही नेल्यावर: महामंदीतला अमेरिकन शेतकरी पुन्हा उभा कसा राहिला?

कोरडवाहू

एका फोटोनं गेले काही आठवडे पिच्छा पुरवलाय. ओंडक्यांचं घर, बिनकाचेची खिडकी, खिडकीत एक मुलगी. खिडकीच्या झडपेवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला आणि त्यावर नेमकी खाण्याच्या पदार्थाची जाहिरात. मुलगी भलतीकडेच बघतेय. आर्थर रॉथस्टाइननं १९३७ साली अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीत काढलेला हा फोटो. तो कागद शोभेचा नाही. फटीतून वारा येऊ नये म्हणून तिथल्या घरांच्या भिंती अशाच कागदांनी लिंपलेल्या असत.

गीज बेंड म्हणजे अलाबामा नदीनं तीन बाजूंनी वेढलेला तुकडा. गुलामगिरीच्या काळात तिथं कापसाचा मोठा मळा होता. गुलामी संपली, पण माणसं तिथंच राहिली आणि त्याच जमिनीत खंडानं कापूस पिकवू लागली. अनेकांचं आडनावही मालकाचंच, पेटवे. दक्षिणेतली रीत अशी की पेरणीला व्यापाऱ्याकडून उधारीवर पीठ, खारं मांस, खत, बियाणं उचलायचं आणि वेचणी झाली की कापूस त्याच्या हवाली करायचा. वही त्याची, व्याजही त्यानं लावलेलं. तारण म्हणजे उभं पीक, त्यामुळे त्याला कापूसच हवा. कुणी दाराशी चार ओळी भाजी लावली तर ती बऱ्याच ठिकाणी त्याच्या डोळ्यांत खुपायची, कारण घरी पिकलेल्या भाजीची उधारी वहीत चढत नाही.

कापूस १९२९ साली पौंडाला १६-१७ सेंट होता, १९३१ साली तो सहाच्या खाली आला. गीज बेंडच्या लोकांना ज्या व्यापाऱ्यानं वर्षानुवर्षं उधार दिलं होतं तो १९३२ साली वारला आणि घरच्यांनी सगळी बाकी एकदम मागितली. मग माणसं वस्तीत शिरली. साठेक कुटुंबं होती. त्यांची खेचरं, गाई, डुकरं, कोंबड्या, नांगर, गाड्या, कणगीतला मका, रताळी, पुढच्या वर्षाचं बियाणं, सगळं उचलून नेलं. जमीन त्यांची नव्हतीच, म्हणून ती तेवढी जाग्यावर राहिली. तो हिवाळा रेडक्रॉसच्या शिध्यावर निघाला.

खरा धागा इथून सुरू होतो. हीच कुटुंबं दहाएक वर्षांत त्याच जमिनीची मालक झाली. मधे काय झालं?

१९३५ साली रिसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन निघालं, १९३७ साली त्याचं फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन झालं. ज्यांना कुठलीच बँक दारात उभी करत नव्हती त्यांना हे खातं 'पुनर्वसन कर्ज' द्यायचं. रक्कम लहान. खेचर, बियाणं, खत, एखादी गाय, थोड्या कोंबड्या, कुंपणाची तार असल्या गोष्टींना पुरेल एवढी. पण कर्जाआधी एक आराखडा भरावा लागे, आणि त्यात शेताइतकंच घराचंही असे. किती मका, किती कापूस हे तर विचारायचेच; शिवाय घरात माणसं किती, दूध किती लागतं, हिवाळ्यात खाणार काय, भाजी कुठे लावणार, हेही. तालुक्याला एक शेतीचा पर्यवेक्षक आणि जोडीला घरखर्चाची पर्यवेक्षक बाई. त्या कर्जाच्या यादीत बहुतेक वेळा एक प्रेशर कुकर आणि काचेच्या बरण्या असत. उन्हाळ्यातल्या शेंगा, टोमॅटो, वाटाणे शिजवून हवाबंद करायचे आणि हिवाळ्यात उघडायचे. दक्षिणेतल्या बायकांच्या तोंडी त्या 'प्रेशर' कुकरचं 'प्रेशस' कुकर झालं होतं. मोलाचा कुकर! चूक म्हणा, पण यापेक्षा बरोबर नाव सुचणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या सावकारानं आधी कापूस मागितला आणि पोटाचं उधारीवर टाकलं. या कर्जानं तो क्रम उलटा केला. आधी बरण्या भरा, मग कापसाचं बोला. मार्च-एप्रिलात घरात खायला असलं की त्या पेरणीला दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढावी लागत नाही. मालकी पुढची गोष्ट. १९३७ साली सरकारनं तिथली सुमारे १०,००० एकर जमीन घेतली आणि पुढे लांब मुदतीच्या हप्त्यांनी त्याच कुटुंबांना विकली.

मंडळी, तुम्हाला काय वाटतं? जाणकारांनी भर घाला, चुका दाखवा.

सरळसोट

लेख छान, पण बरण्यांना जरा जास्तच भाव दिलात.

१९१९ साली गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरच्या वर मिळत होते, १९३२ साली ३८ सेंट. बुशेल म्हणजे साधारण २७ किलो. या भावात कुठलाही आराखडा भरा, कर्ज फिटत नाही. आयोवात मका विकण्यापेक्षा शेगडीत जाळणं परवडत होतं. पुढे युद्ध आलं, भाव चढले, शहरात कारखाने निघाले, शेतावरची जास्तीची माणसं तिकडे गेली. शेतकरी युद्धानं उभा केला, कुकरनं नाही.

कोरडवाहू

सरळसोट, भाव चढले हे शंभर टक्के. पण १९४१-४२ साली भाव चढले तेव्हा त्याचा फायदा कुणाला झाला? ज्याच्याकडे तेव्हा खेचर आणि नांगर होता त्याला. जो १९३४ सालीच गाडीला गादी बांधून निघून गेला, त्याच्या हाती त्या भावातलं काय पडलं? मधली सात-आठ वर्षं शेतावर टिकायचं कसं, एवढाच माझा प्रश्न आहे.

हिशेबनीस

टिकण्यात कायद्याचा वाटा कुणीच काढला नाही म्हणून लिहितो.

१९३३ साली मिनेसोटानं गहाणाच्या जप्तीला मुदतवाढ देणारा कायदा केला. करार मोडता येत नाही म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी १९३४मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कायदा टिकला. त्याच वर्षी फ्रेझियर-लेम्की कायदा आला. दिवाळं निघालेल्या शेतकऱ्याला जमिनीवरून लगेच हुसकायचं नाही, त्यानं न्यायालयाच्या देखरेखीत वाजवी भाडं भरत शेती करत राहायचं. मे १९३५मध्ये न्यायालयानं तो एकमतानं रद्द केला. तीनच महिन्यांत काँग्रेसनं (म्हणजे तिथल्या संसदेनं) भाषा बदलून, मुदत तीन वर्षं करून तो परत आणला आणि १९३७ साली तो टिकला. १९८०च्या दशकात तिकडे शेतीवर पुन्हा कर्जाचं संकट आलं, तेव्हा १९८६ साली दिवाळखोरी कायद्यात शेतकरी कुटुंबांसाठी 'चॅप्टर १२' घातला. विचाराचं मूळ तेच: शेतकऱ्याला शेतावर ठेवूनच कर्ज वसूल होतं, उठवून नाही.

आता एक बारीक गोष्ट, मला फार आवडलेली. १९३४च्या दुष्काळात चारा संपला तेव्हा सरकारनं जनावरं विकत घेतली. गाय-बैलांवर सहसा बँकेचं तारण असायचं, म्हणजे पैसा थेट बँकेत जाणार. म्हणून किमतीचे दोन भाग केले. एका भागावर तारणवाल्याचा हक्क. दुसरा भाग शेतकऱ्याचाच, त्याला धनकोनं हात लावायचा नाही. मंत्रालयात बसून ज्यानं कुणी हे कलम लिहिलं, त्याच्या घरी कधीतरी जप्ती आलेली असणार असं मला उगीचच वाटतं.

पान_उलटा

हिशेबनीस काका, कायदे आपोआप नाही आले. आधी माणसं रस्त्यावर उतरली.

१९३२ साली आयोवात मायलो रेनोच्या पुढाकारानं फार्मर्स हॉलिडे असोसिएशन उभी राहिली. बँकांना 'हॉलिडे' (सरकारी हुकमानं व्यवहार बंद ठेवायची सूट) देता ना, मग आम्हीही माल विकायला सुट्टी घेतो, असा त्या नावातला टोमणा. आणि मग 'पेनी ऑक्शन'. जप्तीचा लिलाव लागला की आख्खी पंचक्रोशी अंगणात हजर. गाय निघाली की शेजारी म्हणणार, दहा सेंट. पुढे शांतता. नांगर, पाच सेंट. परका कुणी बोली वाढवायला लागला की खांद्यावर एक जड हात पडायचा. काही ठिकाणी गोठ्याच्या आढ्याला फासाची दोरी लटकवून ठेवलेली असे, बोलायची गरजच नाही. शेवटी सगळी चीजवस्तू काही डॉलरांत विकत घेऊन संध्याकाळी मूळ मालकाच्या हातात परत.

प्रकरण हाताबाहेरही गेलं. एप्रिल १९३३मध्ये आयोवातल्या ले मार्स इथं जमावानं न्यायाधीश ब्रॅडली यांना न्यायालयातून ओढून बाहेर नेलं आणि गळ्यात दोर अडकवला. जप्तीच्या हुकमांवर सही करणार नाही असं वदवून घ्यायचं होतं. ते बधले नाहीत. जीव वाचला, पण तिथं लष्करी कायदा लागला.

सरळसोट

हे माहीत नव्हतं. पेनी ऑक्शनला बँकवाले मान्यता कशी द्यायचे?

पान_उलटा

जाहीर लिलाव झाला, सर्वात मोठी बोली मान्य झाली, कागद पुरा. त्या अंगणात उभं राहून 'हे मान्य नाही' म्हणायला छाती लागते.

गोधडीवाली

बरण्यांची बाजू घ्यायला आले आहे.

सरळसोट, घरात येणारा रोकडा कुठून यायचा ते बघा. मध्य-पश्चिमेतल्या शेतांवर गहू-मका वर्षातून एकदा विकला जायचा, तोही कर्जाच्या पोटात. दर आठवड्याचं मीठ-साखर-रॉकेल यायचं अंडी आणि सायीच्या पैशांतून, आणि ते खातं बाईचं. शनिवारी अंडी घेऊन जायचं, वाणसामान घेऊन यायचं. पिठाच्या आणि चाऱ्याच्या सुती पोत्यांचे कपडे शिवायचे. पुढे गिरणीवाल्यांनी ओळखलं आणि पोत्यांवर फुलांचे छाप आले, तर पोतं निवडायला नवऱ्याबरोबर बायको जायला लागली. हे सगळं शेतीच्या आकडेवारीत 'किरकोळ उत्पन्न'.

एक शंका. ती घरखर्चाची पर्यवेक्षक बाई घरात येऊन बरण्या मोजायची, हे त्या बायकांना चालायचं? मला नसतं चाललं.

कोरडवाहू

ताई, दुखरी जागा बरोबर पकडलीत. हिशेबाची वही रोज लिहायची सक्ती होती. त्याहून जाच म्हणजे कर्जाची रक्कम बऱ्याचदा जोडखात्यात टाकत, पर्यवेक्षकाची सही झाल्याशिवाय शेतकऱ्याला स्वतःचे पैसे काढता येत नसत. काहींना तो आधार वाटला, काहींना अपमान. कर्जदाराच्या घरात शिरून त्याचं स्वयंपाकघर तपासणं मलाही पटत नाही. पण त्याच लोकांनी एक गोष्ट लवकर ताडली: हप्ते थकतात ते आळसामुळे नाही, आजारपणामुळे. दात किडलेत, मलेरिया आहे, बाळंतपणात बाई अंथरुणाला खिळली आहे. म्हणून त्यांनी वर्षाची ठरावीक वर्गणी भरून उपचार मिळतील अशा वैद्यकीय योजना जागोजागी सुरू केल्या. डॉक्टरचं बिल हा शेतीखर्च आहे, हे बँकेला आजही कळत नाही.

अवकाळी

धागा दक्षिणेतच अडकलाय, जरा मैदानी प्रदेशात या. तिथं सावकारानं नेलं नाही, वाऱ्यानं नेलं.

पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला म्हणून ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सासच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं गवत उलथून गहू पेरला. भाव पडल्यावर माणसांनी काय केलं असेल? तेवढाच पैसा हाती यावा म्हणून आणखी जमीन मोडली. मग १९३१पासून पाऊस गेला. उघडी माती उडाली. मे १९३४मध्ये ती न्यूयॉर्कपर्यंत पोचली, समुद्रातल्या जहाजांवर पडली. १४ एप्रिल १९३५चा 'काळा रविवार', धुळीच्या भयंकर वादळाचा दिवस, तर प्रसिद्धच आहे. घरात बायका खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या, ताटं पालथी मांडायच्या, वाढायच्या क्षणी सुलटी करायच्या. हवेत इतकी स्थिर वीज की मोटारीच्या मागे जमिनीवर लोळणारी साखळी बांधत. चारा म्हणून रशियन थिसल हे काटेरी तण मीठ लावून गुरांना घातलंय लोकांनी.

सगळे कॅलिफोर्नियाला गेले असा समज आहे. तसं नाही. खुद्द धुळीच्या पट्ट्यातलेही बहुसंख्य जागा सोडून गेले नाहीत. राहिलेल्यांनी पहिलं काम केलं ते पिकाचं नव्हतं. उडणारी जमीन थांबवायची. लिस्टर नावाचा दोन बाजूंना माती फेकणारा नांगर घेऊन वाऱ्याला आडव्या खोल सऱ्या पाडायच्या. आपला सरी-वरंबाच, फक्त पाण्यासाठी नाही, वाऱ्यासाठी. सुटलेली माती सरीत पडते, पुढे जात नाही. पण एकट्यानं करून उपयोग शून्य. शेजारची जमीन 'सुटकेस' शेतकऱ्याची असायची, म्हणजे शहरात राहणारा, पेरणीला आणि कापणीला उगवणारा. दुष्काळात तो उगवलाच नाही. त्याच्या शेतातली माती माझ्या कुंपणापर्यंत ढीग होऊन चढणार, कुंपण बुडणार, मी सऱ्या पाडून काय करू? म्हणून १९३७पासून मृदसंधारण जिल्हे निघाले, शेतकऱ्यांनीच निवडलेल्या मंडळांचे. पहिला नॉर्थ कॅरोलायनातला ब्राउन क्रीक. ह्यू बेनेट या मातीवेड्या माणसानं त्याआधी १९३५ साली मृदसंधारण खातं उभं करून घेतलं होतं. सांगतात, की सिनेट समितीपुढे त्याचं बोलणं लांबत गेलं, कारण धुळीचं वादळ वॉशिंग्टनला पोचायची तो वाट बघत होता.

झाडांचंही तेच. १९३४ ते १९४२ या काळात उत्तर डाकोटापासून टेक्सासपर्यंत वारारोधक पट्ट्यांत सुमारे २२ कोटी झाडं लावली, एकूण लांबी १८,६०० मैल.

वाचनमात्र

+१. ताटं पालथी मांडणं वाचून थांबले. फार दिवसांनी असा धागा.

उडाणटप्पू

यावरून आपल्याकडच्या कर्जमाफीबद्दल बोलायला हवं. सगळे पक्ष

कोरडवाहू

भाऊ, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो तिथं भांडायला. इथं नको, ३०० प्रतिसाद होतील आणि गीज बेंड वाहून जाईल.

मुकादम

सगळं गोड चाललंय म्हणून कडू घालतो.

१९३३च्या शेती कायद्यानं भाव चढवायला पिकं कमी करायची ठरवलं. त्या वर्षी सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला. खेचरांना आयुष्यभर शिकवलेलं, की ओळीच्या मधून चालायचं, रोपावर पाय द्यायचा नाही. आता त्यांनाच रोपांवरून हाकायचं होतं, आणि ती अडून बसायची. त्या वर्षातला सगळ्यात शहाणा प्राणी तोच, असं तेव्हाच म्हटलं गेलं.

पेरा कमी केल्याचे पैसे मिळाले ते जमीनमालकाला. त्यातला वाटा अर्धलीवाल्याला, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, द्यायचा असं कागदावर होतं. अनेकांनी तो दिला नाहीच, वर म्हणाले, पेरा कमी, तर माणसं कशाला? दक्षिणेत हजारो कुटुंबं या मदत योजनेमुळेच रस्त्यावर आली. त्यातूनच जुलै १९३४मध्ये आर्कान्सातल्या टायरोन्झा गावी सदर्न टेनंट फार्मर्स युनियन सुरू झाली, गोरे आणि काळे एकाच संघटनेत. त्या काळात, त्या भागात! सभांवर हल्ले झाले, माणसं पळवून लावली.

आणि कोरडवाहू, तुमच्या गोष्टीतली मालकीची पायरी किती जणांना मिळाली? १९३५ साली अमेरिकेतले ४२ टक्के शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर होते. १९३७च्या बँकहेड-जोन्स कायद्यानं जमीन घ्यायला ४० वर्षं मुदतीचं, ३ टक्के व्याजाचं कर्ज ठेवलं. अर्जांच्या मानानं मिळालेली कर्जं म्हणजे दर्यामे खसखस. कर्ज कुणाला द्यायचं ते तालुक्यातल्या तीन शेतकऱ्यांची समिती सुचवणार. ती समिती कुठल्या रंगाच्या लोकांची असेल, हे सांगायला नको.

कोरडवाहू

मुकादम, मान्य, सगळं मान्य. गीज बेंड हा अपवाद आहे आणि तो मी नियम म्हणून मांडला असेल तर चूक माझी. तिथं आख्खी वस्ती एकत्र होती, जमीन एकाच मालकाची होती, सरकारला एकगठ्ठा घेता आली. विखुरलेल्या अर्धलीवाल्यासाठी असं कुणी केलं नाही. आणि ज्या खात्याचं मी कौतुक करतोय ते १९४६ साली बंदच झालं. मोठ्या शेतकऱ्यांच्या संघटनेला ते पहिल्यापासून खुपत होतं.

थोरली

बरेच दिवस नुसती वाचत होते. नाव-गाव सांगत नाही.

आमच्या दारातून बैल सोडून नेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नेणारी माणसं ओळखीतलीच होती, पाणी पिऊन गेली. त्यानंतर कितीतरी दिवस आई संध्याकाळी सवयीनं वैरण उचलायची, गोठ्यापर्यंत जायची आणि तशीच परत यायची. वडिलांनी पुढे मजुरी केली, मग बैल आणला. एकच. दुसरा शेजाऱ्याचा, आळीपाळीनं. जोडी पुरी व्हायला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत आम्ही 'उभे' होतो की 'पडलेले', मला अजून सांगता येत नाही.

गीज बेंडला पहिलं खेचर परत आलं तेव्हा कुणी काही लिहून ठेवलंय का?

कोरडवाहू

थोरलीताई, खेचराबद्दल शोधतो. सापडलं की इथंच लिहितो.

सरळसोट

थोरलीताईंच्या प्रतिसादानंतर भावाचा मुद्दा थोडा मागे घेतो. थोडाच.

गोधडीवाली

माझ्या नावाला जागून एक. गीज बेंड आज ओळखलं जातं ते गोधड्यांसाठी. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या. पण शिवल्या होत्या कागद लावलेल्या त्याच घरांत, थंडीसाठी. मिसूरी पेटवे या बाईंचे पती १९४२च्या सुमारास वारले, तेव्हा त्यांच्या कामाच्या कपड्यांची त्यांनी एक गोधडी शिवली. शेतात घालायचे पँट-शर्ट, निळे-करडे, उन्हानं विटलेले. अशा गोधड्या जवळून बघाल तर कुठे कुठे चौकोन गडद दिसतो. तिथं खिसा होता. खिसा उसवून काढला, त्याखालच्या कापडाला कधी ऊन लागलंच नव्हतं.

फोटो चढवायचा प्रयत्न करतेय, आकार मोठा आहे म्हणून घेत नाहीये. कुणाला येत असेल तर सांगा.